अंगात शिरलेला वारा

कार्सोनो काकांची पाठ मी ओळीनं अकरा दिवस नाण्यानं घासली. पाठीला तेल लावायचं, जुनं जाड नाणं घ्यायचं आणि कण्यापासून बरगडीकडं तिरकं ओढत न्यायचं. लाल पट्टे उमटतात. जितके लाल, तितका अंगात वारा जास्त शिरलेला. आमच्याकडं डोकं दुखलं, मळमळलं, हातपाय गळाले की कुणी डॉक्टरकडं धावत नाही. वारा शिरला म्हणतात आणि पाठ उघडी करून बसतात. माझ्या आईनं माझी घासली, मी काकांची घासली. फरक एवढाच की मी तिथला सुरक्षा अधिकारी होतो. काकांच्या अंगात काय शिरत होतं ते त्या जागेवर फक्त मला माहीत होतं, आणि तो वारा नव्हता.

मन मोकळं व्हावं म्हणून हे सांगत नाही. सांगून मन मोकळं होत नाही, मी करून पाहिलंय.

आमच्या सेमारांग शहरात, बंदराकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक जुना पेट्रोल पंप होता. त्याच्या जमिनीखालच्या टाक्या तीस वर्षांत गंजून गळायला लागल्या आणि शेजारच्या गल्लीतल्या विहिरींच्या पाण्याला पेट्रोलचा वास यायला लागला, तेव्हा कुठं टाक्या उपसायचं ठरलं. टाक्या काढायच्या, भोवतीची बाटलेली माती खणून गाडीत भरायची आणि दूर नेऊन जाळायची, हे आमच्या कंपनीचं काम. चार मीटर खोल खड्डा. भरतीला तळातून खारं पाणी झिरपायचं आणि त्यावर पेट्रोलचा सप्तरंगी तवंग तरंगायचा. मोठी माती आमचा यंत्रचालक युसुप त्याच्या यंत्रानं उचलायचा. पण पाइपांच्या जवळ यंत्राचा लोखंडी दात नेता येत नाही, ठिणगी पडली तर संपलंच. तिथं हातानंच खणावं लागतं, आणि हातानं खणायला कार्सोनो काका.

काका आणि माझे वडील, दोघांनी मिळून जन्मभर विहिरी खणल्या. वडील गेल्यावर आमच्या छपराची कौलं दरवर्षी न सांगता काकाच बदलून जायचे. त्यांचं वय छप्पन्न. विहिरींचं काम संपत आलेलं, म्हणून मीच त्यांना कंपनीत आणलं. आमच्या धंद्यात सुरक्षा कार्डाशिवाय कुणाला खड्ड्यात उतरू देत नाहीत. काकांचं कार्ड मी काढून दिलं, फोटोही मीच काढला. फोटोत ते इतके ताठ बसलेत की युसुप म्हणाला, काका लग्नाला उभे राहिलेत.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना मास्क शिकवला. तोंडानाकावर बसणारा रबरी मास्क, दोन्ही गालांवर दोन फिल्टर. पेट्रोलची वाफ फिल्टर शोषून घेतो, पण पोट भरलं की तो नुसता दागिना. वरून काही कळत नाही. कळतं ते एकाच गोष्टीवरून: मास्कच्या आत वास यायला लागतो. म्हणून वासाची वाट बघायची नाही, फिल्टरवर मार्करनं तारीख घालायची आणि पाळी संपली की फेकायचा. मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं, "फिल्टर म्हणजे बाळाचं लंगोट. भरलं की बदलायचं. वरून पावडर मारून चालत नाही." सगळे पोट धरून हसले. काका पुढचे आठ दिवस फिल्टर बदलताना म्हणायचे, चला, बाळाला धुवायची वेळ झाली.

माती ठरवल्यापेक्षा दुप्पट निघाली. तिसरा आठवडा संपता संपता फिल्टरचे खोके संपले. नवे हवे तर आमच्या कंपनीच्या हांदोको साहेबांकडं मागायला हवे होते.

आता कुणालाही वाटेल की साहेब खत्रूड असेल. तसं असतं तर किती सोपं होतं. हांदोको साहेबांनी मला कारकुनाच्या खुर्चीतून उचलून सुरक्षेच्या अभ्यासाला पाठवलं. माझ्या लग्नात ते पाहुण्यांच्या मांडवात न बसता मागं जाऊन भाताच्या रांगेत उभे राहिले होते. फिल्टर संपले त्याच महिन्यात मी हातमोजे चुकीच्या मापाचे मागवले होते, सगळेच्या सगळे मोठे. साहेब त्यावर एक अक्षर बोलले नाहीत, नुसते हसले. ते हसणं माझ्या अंगावर ओझ्यासारखं होतं. त्यात पुन्हा जाऊन म्हणायचं, साहेब, माझा अंदाज पुन्हा चुकला?

गेलो मी. त्यांनी केळ्याची भजी मागवली. माझ्या मुलाचा ताप उतरला का विचारलं. मी तीन भजी खाल्ली. शेवटी त्यांनी विचारलं, आणखी काही? आणि मी म्हणालो, "काही नाही साहेब. सगळं ठीक चाललंय."

आमच्यात याला भीड म्हणतात. भीड बाळगणारा माणूस चांगल्या घरचा समजला जातो. वरच्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, त्याच्याकडं काही मागून त्याला अडचणीत टाकायचं नाही, हे आम्ही आईच्या कडेवर असल्यापासून शिकतो. माझी आई अजून अभिमानानं सांगते की आमच्या तेजोनं लहानपणी कधी कुणाच्या घरी दुसऱ्यांदा वाढून मागितलं नाही. मोठेपणीही मागितलं नाही.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी स्पिरिटचा बोळा घेतला, फिल्टरांवरच्या जुन्या तारखा पुसल्या आणि दुसऱ्या दिवसाच्या तारखा घातल्या. अक्षर अगदी सुरेख काढलं. दोन दिवसांत मागू असं मनाशी म्हणालो. माझ्या कपाटात फिल्टरची एक बंद जोडी होती, पण ती पाहुण्यांसाठी. साहेबांबरोबर कुणी बघायला आलं तर त्याला जुनं कसं द्यायचं? घरात फुटक्या कपातून चहा पिणारी माणसं पाहुण्यासाठी चांगला कप राखून ठेवतात, तशीच ती जोडी मी राखून ठेवली होती.

दोनच दिवसांत कुरकुर सुरू झाली. मास्कमध्ये वास येतोय. युसुपला यंत्रावर उंच बसायचं असल्यामुळं कमी त्रास, खाली उतरणाऱ्यांना जास्त. तेव्हा काकांनी तोड काढली. आमच्यात प्रत्येकाच्या खिशात कायुपुती तेलाची हिरवी बाटली असतेच. निलगिरीसारखा तिखट वास, लहान मुलाच्या पोटापासून म्हाताऱ्याच्या गुडघ्यापर्यंत सगळ्यावर तेच. काकांनी कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकले आणि बोळा मास्कच्या आत, नाकाजवळ बसवला. वास गायब. मला बोलावून दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पोराला खेळणं करून देणाऱ्या माणसाचा आनंद होता.

मला तिथल्या तिथं बोलायला हवं होतं. वास हीच तर आमची शेवटची घंटा होती, आणि काकांनी घंटेलाच कापूस गुंडाळला होता. वरून पावडर मारून चालत नाही, हे मीच शिकवलेलं. पण तो बोळा काढा म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता: मग फिल्टर दे. मी म्हणालो, "वा काका, डोकं आहे." दुसऱ्या दिवशी मीच तेलाच्या बाटल्या आणून शेडमध्ये ठेवल्या. कुरकुर थांबली. माझं काम किती सोपं झालं.

मग काकांचं डोकं दुखायला लागलं. दुपारच्या जेवणाला ते भाताची पुडी सोडायचे आणि दोन घास खाऊन परत बांधायचे. एकदा शिडी चढताना पायरी चुकली. हसून म्हणाले, वारा शिरलाय, काल भिजलो ना. गॅस मीटर खड्ड्याच्या काठावर टांगलेला असायचा, तो गप्प. पण मीटर ओरडतो ते पेटण्याजोगं झालं तर. माणसाचं डोकं आणि रक्त नासवायला त्याच्या कितीतरी कमी पुरतं. हेही मला माहीत होतं, परीक्षेत या प्रश्नाला मला पूर्ण गुण होते.

मी काकांना शेडच्या मागं नेलं आणि पाठ घासायला बसलो. खिशात वडिलांचं जुनं नाणं होतंच. खरं सांगायचं तर मला ते काम आवडायला लागलं. मी त्यांची सेवा करतोय असं वाटायचं. पट्टे उमटले की काका डोळे मिटून म्हणायचे, बरं वाटतंय बाळा, तुझ्या बापाचा हात आहे तुझ्या हातात. मी आणखी मन लावून घासायचो. मग शेडमध्ये जाऊन आरोग्याच्या वहीत लिहायचो: कार्सोनो, डोकेदुखी, कारण वारा शिरला. असं अकरा वेळा लिहिलं. रोज ठरवायचो की उद्या साहेबांशी बोलतो, आणि रोज पाठ घासून झाली की आजच्यापुरतं काहीतरी केल्याचं समाधान व्हायचं.

बाराव्या दिवशी सकाळी दुसऱ्या टाकीखाली काका एकटे होते. तिथला जुना पाइप रिकामा आहे असं नकाशावर लिहिलेलं होतं. काकांनी हातानं चिखल काढला आणि पाइपाचा सांधा निखळला. बादलीभर जुनं पेट्रोल त्यांच्या गुडघ्यांवर सांडलं. चांगल्या फिल्टरनं त्यांना शिडीपर्यंत पोचायला वेळ दिला असता, आणि फिल्टर संपला असता तरी मास्कमधून आलेल्या भपकाऱ्यानं ते पळाले असते. काकांना तेलाचा वास येत होता. ते शांतपणे मातीचा गोळा करून पाइपाचं तोंड बुजवायला लागले.

मीटर किंचाळला तेव्हा मी काठावर धावलो आणि वर या म्हणून ओरडलो. त्यांनी एक हात वर केला, थांब, एवढं होऊ दे, अशा अर्थानं. मग ते खाली बसले, दमून बांधावर टेकावं तसे. मग कलंडले. मास्क तोंडावरच होता. हे मी पाहिलं, मी एकट्यानं.

युसुपनं यंत्र बंद केलं. काकांच्या अंगात सुरक्षेचा पट्टा होता आणि त्याचा दोर खड्ड्यावरच्या तीन पायांच्या तिकाटण्याला बांधलेला होता, तेवढं मात्र मी रोज तपासायचो. खाली न उतरता आम्ही चौघांनी त्यांना ओढून काढलं. वर येताना पट्टा खांद्यावर सरकला आणि त्यानं मास्क गळ्यात ढकलला. बाकीच्यांनी काकांना पाहिलं ते तसं. त्यांचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. मास्क गळ्यातून काढून आम्ही बाजूला ठेवला आणि युसुप त्यांना घेऊन ॲम्ब्युलन्समधून गेला.

मी गेलो नाही. कामगार खात्याचं माणूस आता येणार, तेव्हा जागेवर कुणीतरी हवं, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरंही होतं. पण शेडचं दार लावून मी आधी काकांचा मास्क उचलला. बोळा काढला. जुने फिल्टर काढून बाटलेल्या मातीच्या ढिगात खुपसले, तो ढीग दुपारच्या गाडीनं जाणार होता. कपाटातली पाहुण्यांची जोडी फोडली, मास्कला बसवली, त्यावर आजची तारीख घातली आणि वरून थोडा चिखल फासला. हात थरथरत नव्हते, याची मला आजही लाज वाटते. पाहुण्यासाठी राखलेली वस्तू शेवटी काकांनाच मिळाली, आणि ती अशी मिळाली.

कामगार खात्याच्या नस्तिती बाई स्कूटरवरून आल्या. पन्नाशीच्या, डोक्याला घट्ट रुमाल, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी मास्क हातात घेतला, तारीख वाचली, मग आत नाक घालून म्हणाल्या, तेलाचा वास येतोय. मी सांगितलं की काकांना वारा शिरला होता, छातीला तेल चोळायचे. पुरावा म्हणून वही पुढं केली. त्यांनी अकराही नोंदी बोट ठेवून वाचल्या आणि वही मिटली. मास्क गळ्यात होता असं बाकीच्यांनी सांगितलं. फिल्टर नवा. मग उरलं काय? कामगारानं खड्ड्यात मास्क काढला.

तिसऱ्या दिवशी काका बोलायला लागले. नस्तिती बाई हॉस्पिटलात गेल्या, मी त्यांच्या मागं उभा. त्यांनी विचारलं की फिल्टर नवा होता, मग तुम्ही मास्क काढला होता का? काकांनी आधी माझ्याकडं पाहिलं.

"काढला," ते म्हणाले. "उकडत होतं फार. माझीच चूक."

खड्ड्यात मास्क काढला की कार्ड जप्त. नियमच तसा आहे, आणि जप्त करायचं सुरक्षा अधिकाऱ्यानं. पलंगाशेजारच्या पिशवीतून काकांनी कार्ड काढून माझ्या हातात दिलं. त्यांचा हात हलत होता. डॉक्टर म्हणाले होते की ही थरथर राहील, कदाचित कायमची. रक्ताची तपासणी वर्षभर करावी लागेल. स्वतःच्या चुकीनं झालेल्या अपघाताला कामगार विमा हात लावत नाही. आणि कार्ड नसलेल्या माणसाला आमच्या शहरात कुणी खड्ड्यात उतरवत नाही. मी कार्ड खिशात ठेवलं आणि पोचपावती लिहून दिली.

त्याच दुपारी फिल्टरचे दहा खोके साइटवर आले. हांदोको साहेब स्वतः गाडीत घेऊन आले होते. साठ्याची वही चाळताना त्यांच्या ध्यानात आलं होतं की खोके कधीच संपलेत. मग फिल्टरवर रोज नवी तारीख कुठून आली हे त्यांनी विचारलं नाही. कदाचित त्यांनाही माझी भीड वाटली असेल. ते एवढंच म्हणाले, "अरे, सांगितलं असतंस तर संध्याकाळच्या आत आणून दिले असते. बोलला का नाहीस?"

मी खोके उतरवायला लागलो.

काका घरी आले त्याच्या दुसऱ्या शुक्रवारी वार्ती काकीनं आजारातून उठल्याचं जेवण घातलं. दुपारच्या नमाजानंतर गल्लीतले पुरुष चटयांवर दाटीवाटीनं बसले, मध्ये पिवळ्या भाताचा डोंगर. मला काकांच्या उजव्या हाताला बसवलं होतं, मानानं. प्रार्थना झाली आणि काका बोलायला उभे राहिले. खांबाला धरून म्हणाले की म्हातारपणी अक्कल गहाण ठेवली, मास्क काढला आणि सगळ्यांना घोर लावला. या तेजोनं दोर तपासला होता म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. पोरांनो, हा सांगेल ते ऐकत जा. लोक माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

मी उठलो. खरंच उठलो. म्हणालो, "काकांनी मास्क काढला नव्हता. फिल्टर जुने होते. तारखा मी बदलल्या."

मग काका हसले, माझा दंड धरला आणि मला खाली बसवत लोकांना म्हणाले, "पोरगं मनाला लावून घेतं फार. बापासारखंच." सगळे हसले, मायेनं हसले. शेजारचे म्हातारे म्हणाले की बाळा, तुझा दोष नाही, नशिबात असतं ते होतं. एकानं माझ्या पानावर अंड्याचा मोठा तुकडा वाढला. माझं खरं बोलणं त्या पिवळ्या भाताखाली गेलं आणि मी ते पुन्हा वर काढलं नाही. जेवलो. घरी न्यायचा डबाही घेतला.

मात्र निघताना वार्ती काकीनं मला मागच्या दारी गाठलं. ती माझ्याकडं न बघता भांडी विसळत होती.

"हा माणूस घरात मच्छर मारायचा फवारा मारला तरी मास्क लावायचा," ती म्हणाली. "तू शिकवलंस म्हणून. झोपताना उशाशी ठेवायचा. त्यानं काढला म्हणतोस?"

मी नाही म्हणत, असं मी म्हणालो. मग कोण म्हणतं, तिनं विचारलं. मी डबा या हातातून त्या हातात घेतला. तिनं पुढचं भांडं घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी कामगार खात्याच्या दारात जाऊन बसलो. नस्तिती बाईंना सगळं सांगितलं: स्पिरिट, बोळा, पाहुण्यांची जोडी, मातीचा ढीग. पुरावा म्हणून माझ्याकडं फक्त तो कापसाचा बोळा होता, मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत का जपला होता देव जाणे. बाईंनी पिशवी उघडून हुंगली. पेट्रोल केव्हाच उडून गेलं होतं, तेलाचा वास मात्र तसाच होता. त्यांनी पिशवीला गाठ मारली. मग म्हणाल्या की अकरा दिवस ओळीनं एकाच माणसाला वारा शिरतो, हे वाचूनच त्यांनी थांबायला हवं होतं. पण त्यांच्याही घरी पाठ घासतात, म्हणून बोट पुढं गेलं.

"आणि तुम्ही इतके दिवस गप्प का बसलात?"

मी म्हणालो, भीड वाटली.

"कुणाची?"

मी साहेबांचं नाव घेणार होतो. तोंडात आलंही. पण साहेबांनी तर काहीच नाकारलं नव्हतं, त्यांच्याकडं मी काही मागितलंच नव्हतं. मला माझ्या चांगल्या नावाची भीड वाटत होती, दुसऱ्या कुणाची नाही. हे मी बाईंना सांगितलं नाही. त्यांनी माझा जबाब लिहून घेतला, सही घेतली आणि माझं कार्ड मागितलं. नवा अहवाल झाला की काकांचा विमा सुरू होईल, म्हणाल्या. काकांचं कार्ड अजून माझ्याच पिशवीत होतं. ते मी टेबलावर ठेवलं, तर त्यांनी परत सरकवलं. तुम्ही घेतलंत, तुम्हीच द्या.

काका ओसरीवर बसले होते. बातमी माझ्या आधी पोचली होती. ते रागावतील, मला हाकलून देतील अशी माझी तयारी होती. खरं तर तशी आशाच होती. त्यांनी कार्ड घेतलं, फोटो पाहिला, मांडीवर ठेवलं. म्हणाले, "आता गल्लीत मी खोटारडा ठरलो." पण आवाजात राग नव्हता. काकी दोन चहा ठेवून गेली. काकांच्या हातातला ग्लास बशीवर खुळखुळ वाजत होता, म्हणून त्यांनी तो खालीच ठेवला.

मला एकच विचारायचं होतं. इतके दिवस मी स्वतःला समजावत होतो की तेलामुळं त्यांना कळलंच नाही, जे झालं ते न कळत झालं.

"काका, बोळा लावल्यावर मास्कमध्ये पेट्रोलचा वास यायचा का?"

"यायचा की. पहिल्या दोन दिवसांत नाही आला. मग रोज यायचा, तेलाच्या मागून. शेवटी शेवटी नाकच मेलं, तेव्हा थांबला."

"मग मला बोलला का नाहीत? फिल्टर दे म्हणून भांडला का नाहीत?"

काका माझ्याकडं असं बघायला लागले की जणू ही गोष्ट मला माहीतच असायला हवी होती.

"कसं बोलणार बाळा? रोज दुपारी स्वतःचं जेवण सोडून माझी पाठ घासायला बसायचास. एवढं करणाऱ्या पोराकडं आणखी काय मागायचं?"

मी चहाचा ग्लास उचलला. काकीनं माझ्या आवडीप्रमाणं साखर जास्त घातली होती. तो चहा मी पूर्ण प्यायलो, कारण अर्धा टाकला असता तर तिला वाईट वाटलं असतं.